एक एमएल गाल

मार्च सरत आला की नागपूरकर कूलर घ्यायला निघतो. तेव्हाची त्याची चौकशी ऐकण्यासारखी असते. टाकी किती लिटरची, पत्रा कोणत्या गेजचा, मोटारीचं वायंडिंग तांब्याचं की ॲल्युमिनियमचं, ताट्या वाळ्याच्या की लाकडी भुशाच्या, पंप जळला तर कोण येणार आणि तो रविवारी येणार का. दुकानदार दमतो. मग नागपूरकर त्याच्याच माठातलं पाणी पिऊन 'बाजूलाही पाहून घेतो' म्हणत उठतो. चार दुकानांत हीच परीक्षा घेऊन, साळ्याला फोन करून, पानठेल्यावरच्या तज्ज्ञ मंडळाची मंजुरी मिळवून कूलर घरी येतो. आल्यावरही तो महागच पडलेला असतो.

याच घरातली एक व्यक्ती रामदासपेठेतल्या एखाद्या गारेगार दवाखान्यात जाते, खुर्चीत मान मागे टाकते आणि गालात सुई टोचून घेते. त्याआधी तिने दोनच प्रश्न विचारलेले असतात. दुखेल का? आणि कोणाला कळेल का?

सगळा घोटाळा या दुसऱ्या प्रश्नाने केला आहे. जी गोष्ट लपवायची, तिची चौकशी करणार कोणाकडे? पानठेल्यावर विषय काढता येत नाही. नणंदेला विचारावं तर संध्याकाळपर्यंत बातमी महालातून मानेवाड्यापर्यंत. ज्या शहरात बोलण्याची सुरुवातच 'काऊन?'ने होते, तिथली माणसं चेहऱ्याचा प्रश्न आला की एकाएकी पुणेरी पाटीइतकी मितभाषी होतात. तेव्हा ज्यांना उघड विचारता येत नाही, त्यांच्या वतीने ती कूलरवाली चौकशी इथे मोठ्याने करून टाकतो. माझे गाल आहेत तसे आहेत आणि तसेच राहणार आहेत, त्यामुळे मला लाजायचं कारण नाही.

पहिलं म्हणजे फिलर आणि बोटॉक्स ही जुळी भावंडं नव्हेत. बोटॉक्स स्नायू ढिला करतं. कपाळाला आठी घालणारा स्नायूच तीन-चार महिने स्वस्थ बसला की आठी पडत नाही. (शिक्षकांनी आणि सासऱ्यांनी घेण्याआधी विचार करावा, त्यांचं अर्धं काम आठीवर चालतं.) फिलर हे भरण आहे. वय वाढतं तशी गालातली चरबी ओसरते, खालचं हाडही थोडं झिजतं आणि चेहरा खाली उतरू लागतो. नाकाच्या बाजूने ओठांच्या कोपऱ्यापर्यंत रेघा उमटतात, डोळ्यांखाली खळगे पडतात. तिथे जेल भरतात. इथे नागपूरच्या रस्त्यांवरचा विनोद करण्याचा मोह प्रत्येकालाच होतो, म्हणून मी तो करत नाही.

किती भरतात? एक सिरिंज साधारण एक एमएलची असते. चहाच्या चमच्यात पाच एमएल मावतात, म्हणजे चमच्याचा पाचवा हिस्सा. संत्रा बर्फीच्या दुकानात चाखायलासुद्धा याहून जास्त देतात. आणि किंमत मात्र पाच आकडी. त्यामुळे आमच्याकडे एक काटकसर निघाली आहे. दोघी बहिणी मिळून एक सिरिंज घ्यायची, अर्धी हिला अर्धी तिला, किंवा उरलेलं 'पुढच्या वेळेसाठी ठेवून द्या'. हे अजिबात करू नये. एक सिरिंज एकाच माणसाची आणि एकाच बैठकीची. रक्तातून पसरणारी कावीळ बहिणी-बहिणींत भेद करत नाही.

दुसरा प्रश्न खास इतवारीतला. हे शाकाहारी आहे का? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, त्याचा इतिहास फार चविष्ट आहे. आज सर्वांत जास्त वापरलं जाणारं फिलर हायल्युरोनिक ॲसिडचं असतं. हा पदार्थ आपल्या त्वचेत, सांध्यांत, डोळ्यांत मुळातच असतो आणि पाणी धरून ठेवतो. १९३४ मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर या दोघांनी न्यूयॉर्कमध्ये तो पहिल्यांदा वेगळा काढला तो गाईच्या डोळ्यातून. पुढे तो कोंबड्याच्या तुऱ्यातून काढू लागले. म्हणजे मधल्या काळात एखाद्या सोज्वळ घरातल्या बाईच्या गालावर जे तेज होतं, ते कोणाच्या तरी डोक्यावर आरवून गेलेलं होतं. आता तो बहुतेक ठिकाणी जिवाणूंकडून आंबवून बनवतात. जिवाणू शाकाहारात बसतात की नाही हे ज्याने त्याने दह्याची वाटी समोर ठेवून ठरवावं.

तिसरा प्रश्न आमचा लाडका. गॅरंटी किती वर्षांची? आणि इथेच विदर्भाचा माणूस फसतो. कारण कूलर, लग्न आणि सरकारी नोकरी या तिन्ही बाबतींत टिकाऊपणा हा गुण असला, तरी फिलरच्या बाबतीत तो दुर्गुण आहे. हायल्युरोनिक ॲसिडचं फिलर जागेप्रमाणे आणि प्रकाराप्रमाणे साधारण सहा ते अठरा महिने काम देतं. त्याचा सर्वांत मोठा फायदा असा की त्याला उतारा आहे. हायल्युरोनिडेज नावाचं औषध टोचलं की ते विरघळतं. कॅल्शियमवाली फिलरं या उताऱ्याने जात नाहीत, आणि सिलिकॉनसारखं 'कायमचं' काही कोणी भरत असेल तर खुर्चीवरून उठावं. चेहरा पुढे म्हातारा होत राहतो, आत भरलेलं मात्र तारुण्यातच अडकून बसतं. साठाव्या वर्षी तिसाव्या वर्षाचा गाल, तोही एखाद इंच खाली घसरलेला, हे दृश्य काही सुखाचं नाही.

ही हौस आजची नव्हेच. १८९३ मध्ये नॉयबर नावाच्या जर्मन सर्जनने दंडातली चरबी काढून चेहऱ्यावरच्या खड्ड्यात बसवली होती. १८९९ मध्ये व्हिएन्नाच्या गेर्सुनी यांनी व्हॅसलिन टोचायला सुरुवात केली, मग पॅराफिन मेण आलं, आणि युरोपातल्या श्रीमंत बायका मेणाच्या सुया घेऊ लागल्या. त्यातली सर्वांत प्रसिद्ध ग्लॅडिस डीकन, पुढे मार्लबरोची डचेस झाली ती. नाक सरळ दिसावं म्हणून तिने नाकात मेण भरून घेतलं. मेणाने काही दिवस मान राखला आणि मग ते हनुवटीकडे निघालं. हे इंग्लंड-फ्रान्सच्या गारव्यात झालं, हे लक्षात घ्या. बाई मे महिन्यात सीताबर्डीवर खरेदीला आली असती तर तिचं नाक व्हरायटी चौकापर्यंतसुद्धा टिकलं नसतं.

चेहरा घडवण्याच्या या सगळ्या उद्योगात आपल्या महाराष्ट्राचा वाटा मात्र अभिमानाचा आहे, आणि तो सौंदर्यापेक्षा गरजेतून आला. इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा १७९२ च्या लढाईत टिपू सुलतानाच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक कापलं, एक हातही तोडला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज सर्जनांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने त्याची हकिकत चित्रासकट छापली. त्या कारागिराने आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं. तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली, तेवढी कातडी सोलली आणि पिळा देऊन खाली नाकावर आणली. चिकटवायला काय, तर कात. पानात घालतो तोच. नागपुरात कात इतका खपतो, पण त्याचा इतका सत्कारणी उपयोग इथल्या एकाही पानठेल्यावर झालेला माझ्या पाहण्यात नाही. ही युक्ती वाचून लंडनच्या कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये पहिल्यांदा तसं नाक केलं.

या गोष्टीतला एक बारकावा फिलर घेणाऱ्याने जपून ठेवावा. त्या कारागिराने कपाळाची कातडी पूर्ण तोडली नव्हती. दोन भिवयांच्या मधे एक देठ तसाच ठेवला होता आणि पंचवीस दिवसांनी नाकाने मूळ धरल्यावरच तो कापला. कारण त्या देठातून रक्त येत होतं. त्या माणसाला रोहिणीचं नाव ठाऊक नसेल, पण ती कुठे आहे हे पक्कं ठाऊक होतं. आणि आज फिलरचे डॉक्टर ज्या जागेला सर्वांत जास्त वचकून असतात ती हीच, भिवयांच्या मधली आणि नाकाची. इथल्या रक्तवाहिन्या आत डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या आहेत. सुई चुकून वाहिनीत शिरली आणि जेल उलटं सरकत गेलं तर त्या भागाचं रक्त अडतं. कातडी मरू शकते, दृष्टी जाऊ शकते. हे क्वचित घडतं, पण घडतं, आणि घडलं की वेळ मिनिटांत मोजायची असते. टोचल्यावर कातडी एकदम पांढरी पडली, जाळीदार निळसर झाली, न सोसवणारं दुखू लागलं किंवा अंधारून आलं, तर 'सकाळी पाहू' हा आपला राष्ट्रीय कार्यक्रम बाजूला ठेवून तिथल्या तिथे ओरडावं. म्हणून चौथा प्रश्न असा, की उताऱ्याचं औषध तुमच्या कपाटात आहे की मागवावं लागतं? 'मागवून घेऊ' हे उत्तर सोफ्याला चालतं.

पाचवा प्रश्न, टोचणार कोण? पूर्वी धंतोलीत पाट्या वाचत गेलं की हृदय, हाडं, किडनी आणि बालरोग एवढंच दिसायचं. आता मधेमधे 'ग्लो', 'ऑरा', 'एस्थेटिक' अशी नावं उगवली आहेत. त्यांतली कित्येक उत्तम त्वचारोगतज्ज्ञांची आणि प्लास्टिक सर्जनांची आहेत. पण पाटीवरून आतला माणूस कळत नाही. शनिवार-रविवारचा कोर्स करून भिंतीवर सोनेरी चौकटीचं प्रमाणपत्र लावणारेही असतात, आणि चौकट जितकी मोठी तितकं आतलं प्रमाणपत्र आधी वाचावं. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर दाखवला पाहिजे असं वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांतच आहे. तो क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत आहे का हे ताडून पाहता येतं. पार्लरमधल्या ताईंचा हात भिवयांना कितीही हलका असो, सुई ही त्यांची नव्हे. आणि 'सुईच नाही, पेनने आत जातं' असं कोणी सांगितलं तर त्या पेनांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्येच इशारा देऊन ठेवला आहे.

सहावा प्रश्न खास नागपूरचा आहे आणि तो मुंबईच्या कोणत्याही मासिकात छापून येणार नाही. खोकं आलं कसं? हायल्युरोनिक फिलरच्या बहुतेक खोक्यांवर ते २५ अंशांच्या आत ठेवावं असं छापलेलं असतं. पंचवीस अंश! मे महिन्यात आमच्या नळाचं पाणीसुद्धा याहून गरम असतं. ३० मे २०२४ ला तर इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद केली होती. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, पण नागपूरकरांपैकी निम्म्यांचा अजूनही सेन्सरवरच विश्वास आहे. अशा गावात एखादं खोकं कोणाच्या स्कूटरच्या डिक्कीतून वर्धा रोडने फिरून आलेलं असेल तर आतलं जेल आधीच एक उन्हाळा भोगून आलं असं समजावं. खोकं आपल्यासमोर उघडायला सांगावं, मुदत वाचावी, बॅच नंबरची चिकटपट्टी आपल्या फायलीत लावून घ्यावी. यात लाज कसली? आपण सहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्याची तारीख दिव्याखाली धरून वाचतो.

तारखेवरून आठवलं. आमच्याकडे लोक फिलर घेतात ते लग्नाच्या तोंडावर, आणि 'तोंडावर' हीच चूक आहे. सूज आणि काळेनिळे डाग उतरायला एक-दोन आठवडे जाऊ शकतात, ओठांवर तर पहिले दोन दिवस सूज अशी चढते की नवरीला नवरा सोडून सगळे ओळखतील. तीन-चार आठवडे हाताशी ठेवावेत. पण खरी भीती सुजेची नाही, हळदीची आहे. फिलरनंतर काही दिवस चेहरा चोळायचा नसतो, आणि हळदीला तर सतरा आत्या-मावश्या नवरीचे गाल कणीक तिंबल्यासारखे तिंबतात. त्यांना काय सांगणार? सांगितलं तर सगळ्यांना कळणार, नाही सांगितलं तर गाल वरातीआधी जागा बदलणार. शिवाय एक-दोन दिवस उष्णता टाळा, असंही सांगतात. हा सल्ला मे महिन्यात पाळायचा तर सरळ चिखलदऱ्याला जावं लागेल. सावजीचा रस्साही तेवढे दिवस बंद. नवरदेवाकडच्या लोकांना हे कारण पटत नाही.

औषधांचं मात्र गंभीरपणे सांगतो. ॲस्पिरिन आणि काही वेदनाशामक गोळ्या रक्त पातळ करतात, डाग वाढवतात. आपल्याकडे पन्नाशीनंतर घरटी एक जण इकोस्प्रिनवर, म्हणजे ॲस्पिरिनवरच, असतो. ती गोळी चेहऱ्यासाठी परस्पर बंद करायची नाही. ज्याने दिली त्या डॉक्टरला आधी विचारायचं. गरोदर असाल, बाळाला पाजत असाल, तोंडावर पुरळ किंवा संसर्ग असेल, तापानंतर ओठांवर पुळ्या उठण्याची खोड असेल, दातांचं मोठं काम चालू असेल, तर ते सांगून टाकावं. आपण डॉक्टरपासून आजार लपवतो आणि शेजाऱ्यांना सांगतो. इथे तरी क्रम उलटा करावा.

विम्याचं विचारू नका. नुसत्या दिसण्यासाठी केलेला खर्च विमा कंपन्या देत नाहीत, आणि वैद्यकीय सेवेला जीएसटीतून जी सूट आहे ती सौंदर्योपचाराला नाही. थोडक्यात, गाल खप्पड असणं हा आजार नाही, यावर सरकार आणि माझी आई यांचं एकमत आहे.

लपवाछपवीच्या या कारभारात मला एका बाईचं कौतुक वाटतं. टीव्ही आणि इन्स्टाग्रामवरची उर्फी जावेद. तिच्या कपड्यांवर बोलायला पुष्कळ लोक आहेत. जुलै २०२५ मध्ये तिने ओठांतलं जुनं, भलत्या जागी बसलेलं फिलर विरघळवून घेतलं आणि सुजून ढोल झालेलं स्वतःचं तोंड सगळ्या देशाला दाखवलं. दुखतं म्हणाली, चांगला डॉक्टर पाहून जा म्हणाली. हसणारे हसले. पण जी गोष्ट शंभर दवाखान्यांच्या पत्रकांवर बारीक अक्षरात असते, ती तिने तोंडभर करून सांगितली.

आता धरमपेठेतल्या एका ओळखीच्या घरातली हकिकत सांगतो, कारण चौकशी कशी करावी याचा इतका शुद्ध नमुना पुन्हा मिळायचा नाही. घरातली मुलगी तेवीस वर्षांची. तिला ओठ भरायचे होते आणि नाक 'शार्प' करायचं होतं. आईवडील गावाला, म्हणून सोबत आजी गेली. आजी मूळची काटोलकडची. संत्र्याचा बगिचा व्यापाऱ्याला विकताना झाडावरचं फळ मोजणारी बाई. डॉक्टरही बाईच होत्या. आजीने खुर्ची पुढे ओढली.

"डाक्टरीन बाई, तुमचं शिक्षन कोठं झालं?"

"मेडिकलला, आजी. एमडी स्किन."

"आपल्या मेडिकलले? मंग बरं हाये. थे खोकं दाखवा बरं. आन् हे उतरवाचं औषध हाये का तुमच्याजवळ?"

डॉक्टरने कपाट उघडून दाखवलं.

"रात्री बाराले पोरीले काई झालं तं फोन कोन उचलनार?"

"मीच."

"आतापावतर तुमच्या हातानं कोनाचं बिघडलं काय?"

मुलीने जमिनीकडे पाहिलं. डॉक्टर मात्र थांबल्या, आणि म्हणाल्या, "काळेनिळे डाग पुष्कळदा पडतात. एकीला गाठ आली होती, ती विरघळवली. आणखी एकीची कातडी पांढरी पडली होती, तेव्हा तिला रात्रभर इथेच बसवून ठेवलं होतं."

"खरं बोलते बाई," आजी नातीला म्हणाली. "कोनाचंच बिघडलं नाई म्हनली असती तं आपुन उठलो असतो."

मग डॉक्टरने मुलीचा चेहरा उजेडात सगळ्या बाजूंनी पाहिला आणि विचारलं की नाक मोठं आहे हे तिला कुठे दिसलं. मुलीने मोबाइल काढला. डॉक्टर हसल्या. फुटभरावरून काढलेल्या सेल्फीत नाक खऱ्यापेक्षा सुमारे तीस टक्के रुंद दिसतं, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये गणित मांडून दाखवलं आहे. "तुझ्या नाकाला काही झालेलं नाही, फोन लांब धर," त्या म्हणाल्या. "आणि ओठांचं दोन-चार वर्षांनी वाटलं तर ये. आज मी काही भरणार नाही."

फुकट सल्ला मिळाला म्हणून मुलगी हिरमुसली आणि आजी खूश झाली. उठता उठता ती पुन्हा बसली. भिंतीवरच्या आरशात तिने एकदा स्वतःकडे पाहिलं, पदर सारखा केला.

"मंग बाई, माह्या गालाचं काई होते काय पाहा न. एवढे खोल गेले."

डॉक्टरने पाहिलं. "होईल थोडं. पण तुम्हाला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?"

"हाव न. इकोस्प्रिन."

"मग आधी हार्टवाल्या डॉक्टरांना विचारून या. मनाने गोळी बंद करायची नाही."

"इचारतो," आजी म्हणाली, आणि दारापाशी जाऊन वळली. "पन आताच सांगून ठेवा, अर्ध्या सुईचे किती?"